इंदूची पोथी

आमच्या कोष्टीपुऱ्यात काळी छत्री दिसली की लोकांना अजून इंदूच आठवते. पवनीत उन्हाळा असो की हिवाळा, बाई छत्री बगलेत मारल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. नवा माणूस हसायचा. ना ऊन ना पाणी, छत्री कायले? मग गल्लीच्या तोंडाशी एखादी मोटारसायकल फटफटत शिरली की त्याला कळायचं. इंदू झटकन छत्री उघडायची आणि शेजारी चालणाऱ्या भास्करच्या कानाच्या बाजूला आडवी धरायची. गाडी गेली की मिटायची. बोलणं जिथं तुटलं तिथूनच पुढं.

भास्कर तिचा मुलगा. दाढीमिशा आलेला, बापापेक्षा उंच, पण तोंडात शब्द नाही. नुसता हूं हूं असा एक सूर, आणि डोळ्यांपुढं बोटं नाचवणं. हॉर्न वाजला की कान दाबून खाली बसायचा, कधी कधी स्वतःचाच हात चावायचा, रक्त येईपर्यंत. नागपूरच्या डॉक्टरने त्याला स्वमग्न म्हटलं. गल्ली पागल म्हणे. इंदू म्हणे, "दोन्ही शब्द तुमच्याजवळच ठेवा. त्याचं नाव भास्कर आहे."

बोलताना ती तुमच्याकडं पाहत नसे. नजर सारखी पोरावर. सुरुवातीला मला वाटायचं, बाईला मोठ्या माणसाचा मान नाही. नंतर पाहिलं, ती नवऱ्याशी, डॉक्टरशी, देवाशीही तशीच बोलायची.

मी तिच्या समोरच्या घरात राहतो. सारा जन्म मागावर गेला. शाळा तिसरीपर्यंत, तरी कोणापुढं मान खाली घातली नाही, इंदूपुढंही नाही. आमचं भांडण होतं, ते आधीच सांगून टाकतो. नाहीतर कोणी म्हणेल, मेल्या माणसाबद्दल म्हातारा गोड गोड लिहून राहिला.

आमच्याकडं ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, सकाळी गल्लीत लांबच लांब ताणून त्याला पेज लावतात. त्या वेळी त्यातून कोणी आडवं जात नाही. भास्करला ताण्याचं वेड. धाग्यांवरून तळहात असा फिरवायचा की एक धागा हलू नये, आणि कान जवळ नेऊन ऐकत राहायचा. काय ऐकायचा, त्यालाच माहीत. एक दिवस माझा कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, ताणा गल्लीत होता आणि कोणीतरी मागून हॉर्न मारला. पोरगं ताण्यातच घुसलं. गुरफटलं, ओरडलं, आणि सगळं घेऊन पडलं. इंदू धावत आली. आधी त्याला सोडवलं, मग धाग्यांना हात लावला.

"काकाजी, मी बसून जोडून देते."

"तू कायचं जोडशील? पोराले बांधून ठेव आधी."

ती भास्करच्या केसांतले धागे काढत होती. म्हणाली, "बांधून ठेवलं तं तुमचा ताणा वाचते. त्याचं काय वाचते, काकाजी?"

त्यानंतर आम्ही बोलणं टाकलं. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. ताणा माझा होता.

पण तिच्या आवाजाशी माझं भांडण नव्हतं. श्रावणात आमच्या गल्लीत दिवेलागणीला पोथी लागते. इंदूच्या ओसरीवर पाट मांडायचा, त्यावर कोशाचं वस्त्र, फूल, निरांजन. बाया सुताच्या कांड्या भरता भरता ऐकतात, आम्ही माणसं भिंतीला टेकून. वाचायची इंदू. आवाज बारीक, पण कुठं चिरकत नसे. भास्कर खांबाला पाठ लावून बसायचा आणि वाचन चालू असेपर्यंत त्याचा हूं हूं तिच्या सुरात मिसळून जायचा. मध्ये कोणी बोललं की इंदू मान वर न करता म्हणे, "पुढं ऐका." मग विणकर सोसायटीचे अध्यक्षही बोलत नसत.

मग एका वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरहून आली, कोणाला काही सांगितलं नाही, पण कोष्टीपुऱ्यात न सांगता कळतं. तिला आता एकच चिंता होती. आपल्यामागं भास्करनं जेवायचं कुठं, बसायचं कुठं? नवरा वामन कोंढा गावाजवळच्या राईस मिलमध्ये. माग परवडेना म्हणून गेला, तिकडचाच झाला. उजाडायच्या आधी निघायचा, दिवे लागल्यावर यायचा, हंगामात तर मुक्कामच तिकडं. रात्री लेकराजवळ राहीन म्हणाला होता, पण दिवसा पोट कोण भरणार? नागपूरला अशा पोरांचं एक घर आहे, तिथं त्याला ठेवून पाहिलं होतं. त्यानं अन्न सोडलं. त्याला भात लागे पांढरा, त्यावर काही नको, पितळेचं त्याचंच ताट, आणि डोळ्यांपुढं ओळखीची गल्ली. ओठ वाळलेलं पोरगं इंदू परत घेऊन आली.

अशात शेजारच्या गोपाळची सून शुभांगी, कॉलेज शिकलेली, तिनं इंदूला एक पुस्तक आणून दिलं. कादंबरी. अशाच एका लेकराच्या आईबापाची. इंदूनं ती वाचली आणि श्रावण लागायच्या आधी जाहीर केलं, यंदा पोथी नाही, हे वाचणार.

"पोथीच्या पाटावर कादंबरी?" मी म्हणालो. बोलणं टाकलं होतं, म्हणून तिच्याकडं न पाहता गोपाळला म्हणालो. "चालणार नाही."

इंदूनंही गोपाळलाच सांगितलं, "भक्तासाठी देव धावते ते दरसाली ऐकता. देव नाही आला तं काय होते, ते एक साल ऐका म्हनावं."

दुखणाईत बाईला नाही कोण म्हणणार? बायांनी पाट मांडला. आणि पुस्तकाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. पुस्तक ऐकायचं म्हटलं की आम्हाला ही एकच रीत ठाऊक. शुभांगी हसली होती. इंदू हसली नाही.

लिहिणारा मोठा हुशार होता, हे मला पहिल्याच दिवशी समजलं. सगळी गोष्ट त्यानं आईच्या पोटात बसून सांगितली होती. लेकरू चावतं, तर चावा आपल्याला लागत नाही, आईचं रडू तेवढं आपल्या गळ्याशी येतं. लोक तिला बोलतात, तर ते लोक आपण नसतोच, आपण तिच्याच घरात बसलेले. सखूबाई पदरानं डोळे पुसत होती. त्याच संध्याकाळी तिनं भास्करला आपल्या पायरीवरून उठवायला तांब्याभर पाणी फेकलं होतं. पोराचा सदरा अजून ओला होता. "कशी सहन करत असंन वो ती माय!" सखूबाई म्हणाली.

इंदूनं ओल्या सदऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पुढं ऐका."

पुस्तकात एक शेजारी होता, खिडक्या लावून घेणारा, तक्रारी करणारा. बाया त्याला शिव्या घालत आणि चोरून माझ्याकडं पाहत. दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"त्या शेजाऱ्याचं काय नुकसान झालं ते लिहिलं आहे काय पुस्तकात?"

इंदूनं पान चाळलं. "नाही लिहिलं, काकाजी."

"मंग अर्धंच लिहिलं."

"अर्धंच आहे. बाकीचं अर्धं कधी तुमी सांगा, मी ऐकतो." आमच्याकडं बायाही कधी कधी असं पुरुषासारखं बोलतात, रागात नाही, थकल्यावर. "आता पुढं ऐका."

ताणा तुटल्यानंतरचं आमचं हे पहिलं बोलणं.

पुस्तकातला बाप लेकराला टाकून निघून जातो. तो भाग नेमका त्या दिवशी आला, ज्या दिवशी वामन लवकर घरी आला होता. भाताच्या कोंड्यानं भरलेलं डोकं तसंच घेऊन मागं उंबऱ्याजवळ बसला. वाचन पुढं जाऊ लागलं तशा बायांच्या माना मागं वळू लागल्या. म्हातारी भागीरथी तर मोठ्यानं म्हणाली, "पळपुट्टे असतेत वो हे बाप. सारे सारखे." वामन उठला आणि चप्पल न घालताच गेला.

दुसऱ्या दिवशी इंदू वाचायला बसली. वाचता वाचता बापाची गोष्ट निघाली. भाताच्या कोंड्याच्या ढिगाआड बसून रडणारा बाप. लेकरू लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन भंडाऱ्याच्या, नागपूरच्या, कुठल्या कुठल्या डॉक्टरच्या दारात उभा राहिलेला. लेकराला बसचा आवाज सोसत नाही, म्हणून त्याचे कान आपल्या तळहातांनी दाबून लाखांदूरपर्यंत उभ्यानं गेलेला. भागीरथीनं नाक ओढलं.

मी तिच्या समोरच बसलो होतो. त्या सगळ्या वेळात तिनं पान उलटलं नव्हतं. नजरही पुस्तकावर नव्हती, भास्करवर होती.

मी बोललो नाही. वामनला मी लहानपणापासून पाहिलं आहे. त्या गोष्टीत खोटं काही नव्हतं.

समाप्तीच्या आदल्या दिवशी ती गल्लीतल्या विहिरीच्या ओट्यावर बसली होती, पोटाशी हात धरून. मला म्हणाली, "काकाजी, वाचणाऱ्याले समाप्तीले साडी देता तुमी. यंदा मी साडी घेत नाही. वार मागते."

वार म्हणजे, जुन्या काळी गावात शिकायला आलेली गरीब पोरं सात घरी सात दिवस लावून जेवत. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. माझ्या आईनं असा एक वार पाळला होता. पुढं ती चाल मोडली.

"सात घरं," इंदू म्हणाली. "दुपारचा पांढरा भात, अन् दिवे लागेपर्यंत ओसरीवर बसू द्याचं. बस. रात्री बाप आहे त्याचा."

"म्हनून कादंबरी लावली काय तू?"

"मंग काय! रडू आलं की मानूस नाही म्हनत नाही. ते वाळायच्या आत मागून घेते."

मला ते आवडलं नाही. रडवून मागणं मला कधीच आवडलं नाही. तसं मी सांगितलं.

"मले तरी कुठं आवडते?" ती म्हणाली. "न रडवता मागून पाह्यलं, काकाजी. बारा वर्सं मागून राहिली."

समाप्तीला ओसरी भरली. शेवटच्या पानांवर ती आली. पुस्तकातली आई थकते, आजारी पडते, आणि गाव लेकराला सांभाळून घेतं, घराघरानं एकेक दिवस. असं तिनं वाचलं. संपल्यावर बायांनी हात जोडले. तिनं पुस्तक पाटावर ठेवलं, आणि मागितलं. फार बोलली नाही. मला सांगितलं होतं तेवढंच.

मग सखूबाई म्हणाली, "सोमवार माझा धर वो." कोणी बुधवार म्हटलं. गोपाळ शुक्रवार म्हणाला. इंदू एकेक वार ऐकून मान हलवत होती, आणि तिच्या तोंडावर असं काही आलं होतं जे मी तिचं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शुभांगी बोलली. पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं, शिकलेल्या माणसाला खरं सांगायची सवय असते तेवढंच. "काकू, पन पुस्तकात तं असं नाही ना. शेवटी ती आई त्याले घेऊन नदीवर जाते..."

पुढं ती थांबली. पण झालं होतं ते झालं होतं.

"म्हनजे? हे पुस्तकातलं नव्हतं?"

"इंदू, तू मनानं वाचलं काय वो?"

भागीरथी पाटाकडं बोट दाखवून ओरडली, "पोथीचा शब्द फिरवला हिनं! फुलं वाह्यली आमी त्याले. पाप कोनाच्या माथी?"

शुभांगी सांगत होती की ही पोथी नाही, साधी कादंबरी आहे, तिच्यात पाप कसलं. कोणी ऐकेना. आम्ही ती कादंबरी पाटावर बसवली होती, आमच्या लेखी ती पोथीच. सखूबाई म्हणाली, "मंग आमचा सोमवारही मनातलाच समज."

इंदूनं पुस्तक परत उचललं. कोणी सांगितलं नव्हतं. खरा शेवट काढला आणि वाचला. सूर नाही, चढ नाही, उतार नाही, बाजारातला भाव वाचावा तसा. आई लेकराला न्हाऊ घालते, त्याच्या आवडीचं खाऊ घालते, आणि पहाटे त्याचा हात धरून पाण्यात उतरते. लिहिणाऱ्यानं तिला एका शब्दानं दोष दिला नव्हता. उलट असं लिहिलं होतं की वाटावं, बाईनं दुसरं करावं तरी काय.

आणि ओसरी रडायला लागली. आधी नव्हती रडली अशी. जिनं वार मागं घेतला तीही. भागीरथी हुंदके देत म्हणाली, "सुटली बिचारी. सुटलं लेकरू." मग डोळे पुसून, दरसालच्या सवयीनं तिनं विचारलं, "अन् ह्याचं फळ काय वो, इंदू?" पोथीच्या शेवटी ऐकणाऱ्याला काय फळ मिळतं ते लिहिलेलं असतं. म्हातारी त्याची वाट पाहत होती.

इंदूनं पुस्तक मिटलं. आणि तिनं आमच्याकडं पाहिलं. भास्करकडं नाही, आमच्याकडं. एकेकाच्या तोंडाकडं. माझ्याकडंही.

"फळ?" ती म्हणाली. "तिनं लेकरू बुडवलं, तं तुमी तिच्यासाठी रडून राहिल्या. माफ केलं तिले. मी माह्यं लेकरू जगवाले पाहून राहिली, तं मी पापी. सांगा न मंग, बुडवू काय? वैनगंगा काही दूर नाही. बुडवलं तं माह्यासाठीही रडान तुमी. पुस्तक लिहान. पन एक वाटी भात नाही द्यान!"

खांबाजवळ भास्करनं कान दाबले होते आणि तो पुढं मागं डोलत होता. आईचा तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तिनं सवयीनं छत्रीकडं हात नेला, मग तिला कळलं की आवाज आपलाच आहे. हात तिथंच राहिला.

मी म्हणालो, "मंगळवार माझा."

तिनं विचारलं, "पुस्तक आयकून, काकाजी?"

"पुस्तक मले पटलंच नाही. माह्या मायनं वार पाळला होता, म्हनून."

सखूबाईनं आपला सोमवार पुन्हा कबूल केला. बुधवार, शुक्रवार कायम राहिले. बाकीचे तीन दिवस कोणी उचलले नाहीत. इंदूनं ओसरी रिकामी होईपर्यंत वाट पाहिली, एकेक जण चपला शोधत होता तेव्हाही पाहत होती. मग पाट उचलला.

ते तीन वार अजून रिकामेच आहेत. त्या तिन्ही दिवशी भास्कर ताट मांडीवर घेऊन आपल्या बंद दाराशी बसतो, वामन मिलमधून येईपर्यंत. मी एकदा गुरुवारी बोलावून पाहिलं. आला नाही. त्याच्या लेखी माझं घर मंगळवारी असतं. तिनं त्याला तसंच शिकवलं.

कसं शिकवलं, ते सांगतो. दिवाळीनंतर तिच्यानं चालवत नव्हतं, तरी ज्या दिवशी ज्या घरी वार, तिकडं त्याला एकट्याला धाडायची. बगलेत पितळेचं ताट, हातात तिची छत्री. स्वतः मागून यायची आणि विहिरीच्या ओट्यावर बसायची, आमच्या दारांकडं पाठ करून. पहिल्या मंगळवारी त्यानं भाताकडं पाहिलं नाही. ओरडला, हात चावला. माझी सून घाबरली, "बाबाजी, त्याच्या मायले बोलवा." मी दारात जाऊन हाक मारली, "इंदू, ये वो, लेकरू ऐकत नाही."

तिनं मान वळवली नाही. "मी मेली आहे, काकाजी," ती म्हणाली. "मेलेली कशी येईन?"

पोरगं संध्याकाळपर्यंत ओरडलं. ती पदराचा बोळा तोंडात कोंबून बसून राहिली. दुसऱ्या मंगळवारी तसंच. तिसऱ्याही. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, दगडाच्या काळजाची आहे. पुस्तकातल्या बाईला असं कोणी म्हटलं नव्हतं.

मग एका मंगळवारी मी मागावर बसलो होतो. भास्कर ओरडत आत आला आणि मागाचा आवाज ऐकून थांबला. जवळ आला. त्यानं तळहात माझ्या ताण्यावर ठेवला. कोशाचा होता. मी त्याच्या हाताकडं पाहिलं आणि धोटा मारत राहिलो. सुनेनं ताट शेजारी सरकवलं. कान ताण्याजवळ ठेवून, एका हातानं, त्यानं पांढरा भात खाल्ला. सगळा.

मला उठता येत नव्हतं. माग थांबला असता तर तो उठला असता. मी बसल्या जागेवरून, होता नव्हता तेवढा आवाज काढून, खिडकीतून ओरडलो, "इंदू! जेवला वो!"

ती ओट्यावर पाठमोरी होती, दोन्ही कानांत बोटं घातलेली. मी पुन्हा ओरडलो. तिचे हात हळूहळू खाली आले. वळली नाही. वळली असती तर खिडकीतून त्याला तिचं तोंड दिसलं असतं. भिंतीला धरून उठली, आणि घराकडं सरळ न येता पलीकडच्या, नदीकडच्या वाटेनं वळसा घालून निघाली. वळणावर एक मोटारसायकल हॉर्न मारत तिच्या अगदी जवळून गेली. छत्री आमच्याकडं होती, लेकरू आमच्याकडं होतं. तरी इंदूचा रिकामा हात वर उठला, आणि शेजारी कोणी नसताना, गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच आडवा राहिला.